सरावाची ओळ

दुर्बीण साता समुद्रापलीकडच्या डोंगरावर होती आणि तिचा मेंदू इथे, दुसऱ्या मजल्यावर, एका प्रोग्रामर बाईच्या संगणकात. इथे दुपार असली की तिथे रात्र. आकाशात कुठे तारा फुटला की उपग्रह इशारा पाठवणार आणि कुणालाही न विचारता दुर्बीण तिकडे वळणार. वळायलाच हवी, कारण तो पहिला झगमगाट जेमतेम चाळीस सेकंद टिकतो.

मंगळवारी दुर्बिणीवरच्या फिरत्या घुमटाची मोटर दुरुस्तीला काढली. मेकॅनिकच्या डोक्यावर घुमट फिरू नये म्हणून तिने सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घातली: येणारा प्रत्येक इशारा सराव समजावा. मोटर बसली, मेकॅनिक गेला, ओळ तशीच राहिली. बाकी सगळं तिने तीन-तीनदा तपासलं होतं. हुशार माणसं चुकतात ती अशीच, एका ओळीत आणि नेमक्या मोक्याला.

गुरुवारी दुपारी इशारा आला. या दुर्बिणीचे प्रमुख असलेल्या तिच्या सरांनी एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून ज्याची वाट पाहिली होती तसा, अगदी जवळचा स्फोट. दुर्बिणीने नोंद केली, 'सराव, दुर्लक्ष केले', आणि जागची हलली नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म हिचं होतं आणि गेलं सरांचं. ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते.

डोंगरावरच्या ऑपरेटरचा फोन आला. कायमच्या रात्रपाळीमुळे त्याला सगळे घुबड म्हणत.

"ताई, नोंद फक्त मी पाहिलीये. ढग होते असं लिहून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"होते का ढग?"

"छे हो! लख्ख आकाश होतं."

मोह झाला, खोटं कशाला बोला. नोकरीची भीती नव्हती. सरांनी तिला हाताला धरून हे काम शिकवलं होतं. त्यांच्या मनातून उतरायची भीती होती.

"नको लिहूस," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

सर आपल्या खोलीत कपाट आवरत होते. इशारा त्यांच्याही मोबाइलवर आला होता.

"मिळाला ना गं?" त्यांनी घाईने विचारलं.

"नाही, सर."

"ढग?"

एकोणीस वर्षांत ढगांनी त्यांना पुष्कळदा दगा दिला होता आणि ढगांवर रागावून काय करणार? तिने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"ढग नव्हते. माझी सरावाची ओळ काढायची राहिली. दुर्बीण वळलीच नाही."

सर खुर्चीत बसले. हातातली फाइल मांडीवर घेऊन तिचे कोपरे उगाच सारखे करत राहिले.

"म्हणजे दिसलं असतं," ते म्हणाले.

"हो, सर." तिला रडू आवरेना. "दिसलं असतं."

त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. "खरं सांगितलंस, बरं केलंस. पण आता जा, बाळ. आज मला तुझ्याकडे बघवत नाहीये."