मोराचा डोळा

“जावईबापू, हिचा हात रंगाचा हाय. भिंत रिकामी ठिवू नका.”

वरातीची बैलगाडी हलता हलता सासूबाई म्हणाल्या होत्या. त्याला वर्षं लोटली, तरी रतनसमोर पुस्तक उघडून धरताना सोपानच्या कानात तोच आवाज येई. रतनचं माहेर पानशेत धरणाच्या पाण्याखाली गेलं, पाठोपाठ सासूबाईही गेल्या, आणि रतनने गेरूला बोट लावणं सोडलं. सासरच्या, किकवीच्या घराची भिंत कोरी ती कोरीच राहिली.

सोपान भोरच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. परदेशी चित्रांची जाडजूड पुस्तकं तिथल्या कपाटात धूळ खात पडलेली. शनिवारी एखादं पिशवीत घालून तो एस.टी.नं घरी आणी. रतन पदराला हात पुसून चुलीजवळच बसे आणि हळूच पान उलटे.

पहिलंच चित्र बघून ती म्हणाली होती, “ही बाई लई घाईची हाय. एक रंग वाळायच्या आत दुसरा लावलाय. चुलीवर दूध उतू चाललं असंल.”

तिच्या माहेरच्या मुलखात भिंती रंगवायच्या त्या बायकांनीच. गड्याने रंगाची काडी धरली तर पोरंसोरं हसत. सोपानचं शिकवणं म्हणजे नोकरी, ते तिच्या लेखी निराळं. तेव्हा पुस्तकातली सगळी चित्रंही बायकांनीच काढलेली, यात तिला शंका नव्हती. हे बोलताना तिचा चेहरा असा काही उजळला की, खरं सांगायला त्याची जीभ धजेना.

मग त्या बायका घरच्याच झाल्या. एक भांडकुदळ, एक नवी सासुरवाशीण, एक बिचारी नुसत्या निळ्यावर भागवणारी. सोपानची आई साळूबाई तांदूळ निवडता निवडता डोकावे.

“हिचं टेबल बघ की गं, कललंय. समदी फळं खाली येत्यात.”

“न्हाई येत, आत्याबाई. तिनं धरून ठिवल्यात.”

नणंदेचं, बाळाबाईचं, लग्न ठरलं आणि रतन आपणहून उठली.

“साता समुद्रापल्याड एवढ्या बाया काढत्यात, मग मीच का बसू?”

गेरू भिजला, चुना कालवला. दाराशेजारी वेल चढली, पालखी आली, मोर आला. आणि नेमकं तेव्हाच नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एका दाढीवाल्याचा फोटो निघाला.

“ह्यो कोन? फळंवालीचा नवरा?”

“व्हय,” सोपान म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही. हिला कळलं तर? पुन्हा काडी टाकून बसली तर?

मांडव घालायच्या आदल्या दिवशी तो घरी आला, तर भिंत भरून गेली होती. फक्त मोराला डोळा नव्हता. रतन समोर नुसती बसलेली, वाटीतला गेरू सुकत चाललेला. कुणीतरी सांगितलं हिला, सोपानच्या मनात आलं. तो शेजारी टेकला.

“रतन, त्यो नवरा न्हाई. चितारी त्योच. त्या पुस्तकांतले समदे बाप्येच हैत.”

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. ती हसत होती, हे त्याला जरा उशिराच कळलं.

“समदे? ती दूध उतू घालवणारी बी?”

“ती बी.”

“मग त्यांच्या चुलीपाशी कोन व्हतं?”

“कोन असणार?” साळूबाई आतून ओरडली. “तुझ्यासारखीच यखादी!”

सोपानला हलकं वाटलं. पण काडी अजून तशीच पडून होती.

“मग डोळा का ऱ्हायला गं?”

रतनचं हसू विरलं. तिने वाटीत चार थेंब पाणी घातलं, गेरू बोटाने सारखा केला. काडी बुडवून भिंतीला टेकवली. मोर बघू लागला.

“धरणापायी गाव सोडताना मी सामान बांधाय गेल्ते न्हवं,” ती भिंतीकडेच बघत म्हणाली. “समदं गाडीत भरलं, तवा आई मागं फिरली. भिंतीवरच्या मोराचा डोळा तिनं चुन्यानं झाकला. म्हनली, उघड्या डोळ्यानं पाण्यात कसा ऱ्हाईल गं त्यो?”