अस्तरातली चुणी

सरांनी अकरा वर्षं एकच गणित उरावर वागवलं होतं. रिकाम्या जागेतही ऊर्जा असते. कागदावर मांडली तर ती इतकी निघते, की विश्व कधीच विस्कटून जायला हवं होतं. प्रत्यक्षात मोजली तर नावापुरती. सरांचं म्हणणं, आपलं जग हा एक पातळ पडदा आहे, त्याच्यामागे आपल्याला न दिसणाऱ्या आणखी दोन दिशा गुंडाळलेल्या आहेत आणि सगळा ताण त्या गिळतात. त्यांच्या गणितात उत्तर शून्य येई. सोमवारी त्यांची शेवटची विद्यार्थिनी याच शून्यावर प्रबंध मांडणार होती. मग सर निवृत्त.

शुक्रवारी कपाट आवरताना जुनी वही हाती लागली. चौथ्या पानावर त्यांच्याच हातची पेन्सिलीची ओळ होती : ‘गुंडाळीचा आकार तूर्त एवढा धरू. मग बघू.’

मग बघायचं राहूनच गेलं होतं. तो आकार शंभरावर दशांश स्थळांपर्यंत नेमका धरला, तरच शून्य येत होतं. उत्तर आधीच गणितात घालून ठेवलेलं.

घरी बायको त्यांच्याच कोटाचं अस्तर लावत बसली होती. सरांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे वरून कोट सरळ दिसतोय,” ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “आणि चुणी तुम्ही अस्तरात ढकललीत.”

“तसंच.”

“मग पोरीला सांगा. मला काय सांगताय?”

सरांनी विद्यार्थिनीला फोन लावला. “चौथं पान…” एवढंच म्हणाले.

“मार्चपासून माहीत आहे, सर.”

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतके दमलेले दिसायचात. म्हटलं, जाता जाता कशाला.”

“अगं, पदवी तुझी जाईल. माझं काय जातंय आता?” सर खुर्चीत टेकले. “या वाटेनं हे सुटत नाही, एवढंच उरतं आपल्याकडे. पण ते खरं आहे. तेच मांड. चूक माझी होती, हे मी समितीसमोर सांगेन.”

पलीकडे कागदांची सळसळ झाली.

“तसं लिहून ठेवलंय, सर. चाळीस पानं. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “घेऊन ये. आत्ताच ये.”

बायकोनं काही न विचारता कोट उचलला आणि टेबल मोकळं केलं.