ताटं येण्याआधी

मी टेबल बोलतोय. जेवणाचं टेबल म्हणाल तर खोटं नाही, पण ते अर्धंच झालं. माझ्यावर एका घराचं जेवण झालं आणि एका रंगाच्या कारखान्याचा कारभारही.

जन्म कारखान्याच्याच आवारातला. रंगाचे डबे भरायची खोकी ठोकणाऱ्या सुताराने मला घडवलं. कारखाना काढणाऱ्या आजोबांनी त्याला बजावलं होतं, चांगलं दणकट कर, जेवायला आणि मीटिंगला एकच. घर आणि धंदा वेगळा कशाला? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. नवा होतो, अक्कल ती किती असणार!

संचालकांची सभा दुपारच्या जेवणाआधी भरायची. आजोबांमागे थोरला मुलगा अध्यक्ष झाला. शेजारी धाकटा भाऊ, समोर हिशेबनीस आणि वकील. विषय अडला, कुणाच्या कपाळाला आठी पडली, की अध्यक्ष आत तोंड करून म्हणायचे, "ताटं आणा." ताटं आली की सभा संपली. गरम अन्नासमोर वाद घालायचा नाही, ही घराची शिस्त. जो बोलला नाही, त्याचा होकार.

धाकट्याला पुष्कळदा पटायचं नाही. पण थोरल्या भावाचा शब्द मोडायचा कसा? तो माझ्या कडेखाली अंगठ्याचं नख ओढत बसायचा. वरून चेहरा शांत. वर्षानुवर्षं ओढून तिथे चांगली खाच पडली. मला वरून रोज पुसतात हो, खाली कोण बघतंय?

मग एके दिवशी धाकटा गेला. मागे राहिली त्याची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, म्हणून ती काका-काकूंच्या हाताखाली वाढली. माझीच कड धरून उभी राहायला शिकली, आणि काकांनी भरवल्याशिवाय तिच्या पोटात घास जात नसे. आता ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. काकांनी तिला सांगितलं, बाबांच्या जागी तू बस. काही अवघड नसतं, मान हलवायची.

पण पोरगी अशी, की पाण्यात उतरायचं तर आधी खोली विचारणार. तिने संचालकांसाठीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. कॉलेजातून आली की पुस्तकं माझ्यावर पसरायची. समोर काकू मटार सोलत असायची. वाचलेलं सगळं पोरगी तिला समजावून सांगायची. काकूला कळलं तर आपल्याला कळलं, असा तिचा हिशेब. संचालक मालक नसतो, राखणदार असतो. गप्प बसला म्हणून त्याची जबाबदारी सुटत नाही. आणि एखाद्या विषयात आपल्या माणसाचा फायदा असेल, तर तसं आधी सांगायचं आणि त्या विषयापुरतं उठून बाहेर जायचं.

काकूचा हात थांबला. "अगं, भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये म्हणतात."

"ताट यायच्या आधी उठायचं, काकू."

"आणि ते तुझे काकाच असले तर?"

पोरीने पुस्तक मिटलं. पुढच्या सभेत काय येणार, ते दोघींनाही ठाऊक होतं. कारखान्याचं गोदाम काकांच्या जावयाला, त्याच्या नव्या धंद्यासाठी द्यायचं होतं. गोदाम गेलं की थिनरची पिंपं भट्टीशेजारच्या शेडमध्ये येणार, आणि तिथे माणसं काम करतात. एक ठिणगी पुरे. एवढं रसायनशास्त्र तिला येत होतं.

विचार करता करता तिचा हात खाली गेला आणि बोटं खाचेत अडकली. काकूने हळूच सांगितलं, ती तुझ्या बाबांची. सभा झाली की खाली लाकडाचा भुसा सापडायचा, मी झाडून टाकायचे. पोरगी माझ्यावर डोकं टेकून खूप रडली.

सभेचा दिवस आला. काकांनी गोदामाचा विषय दोन वाक्यांत उरकला आणि विचारलं, सगळ्यांचं ठीक ना? वकील छताकडे बघायला लागले, हिशेबनीस चष्मा पुसायला. पोरीचा अंगठा माझ्या कडेखाली आला, नेमका खाचेवर. म्हटलं, संपलं, बापाचीच लेक! पण नख ओढलं गेलं नाही.

"काका, धंदा आपल्या जावयाचा आहे," ती म्हणाली. "या विषयापुरतं तुम्हाला उठावं लागेल."

काकांनी तळहात माझ्यावर टेकला. त्यांनी आत तोंड केलं. "ताटं आणा."

कुणी आलं नाही. जेवण तयार होतं, वास तर दरवळत होता. मग काकू दारात आली, रिकाम्या हातांनी. जावई तिच्याही मुलीचा नवरा होता. "अजून वेळ आहे," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर बसा."

काका उठले. ते गेल्यावर हिशेबनीस आणि वकील, दोघांनाही कंठ फुटला. गोदाम द्यायचं नाही असं ठरलं आणि तशी नोंद झाली.

त्यानंतर काका माझ्यावर जेवले नाहीत. ताट खोलीत मागवायचे. पोरगी रोज त्यांच्या जागी पाण्याचा पेला ठेवायची आणि तसाच उचलायची. सभा आता कारखान्यातच भरतात, तिथे ताटं येत नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण झालं ते बरंच झालं.

परवा पोरगी पेला ठेवत होती, तेवढ्यात काका आले. स्वतःची खुर्ची सोडून भावाच्या खुर्चीवर बसले. काकूने कधीतरी सांगितलं असणार, कारण हात सरळ कडेखाली गेला. बोटं खाचेवरून फिरली, पुन्हा फिरली.

"केवढी खोल आहे गं," ते म्हणाले. "एकदा तरी बोलायचं होतं त्याने मला."

"तुम्ही ताटं मागवायचात, काका."

काकांनी खाचेवरचा हात काढला. काकू ताटं घेऊन येतच होती. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि पोरीसाठी शेजारची खुर्ची ओढली.

"बस," म्हणाले. "त्याला काय काय पटत नव्हतं, ते तुला ठाऊक असेल तेवढं सांग."

जेवण गार झालं त्या दिवशी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. आता मी म्हातारा झालोय, एक पाय डुगडुगतो, फार दिवस राहीन असं वाटत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी असेल. पटलं नाही तर समोरच्या माणसाला सांगा, बाबांनो. मला सांगून काय उपयोग?