हेराचा दुसरा भाग

कापडाच्या कारखान्यात त्याला सगळे हेर म्हणत. मागखात्यात यंत्रांचा असा धडधडाट, की साधं बोलणं शेजाऱ्यालाही पोचत नसे. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरचा ते ओठ वाचत असे. ही विद्या सगळ्यांनाच होती, पण ह्याची नजर काही औरच. खात्याच्या ह्या टोकाला उभा राहून तो त्या टोकाच्या, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमधलं साहेबांचं बोलणं वाचायचा आणि कोणाची पाळी बदलणार, कोणाची खरडपट्टी निघणार, ते आधीच सांगून मोकळा व्हायचा.

नाव पडलं ते एका सिनेमावरून. त्यातला हेर समोरच्या इमारतीतल्या माणसांचे ओठ दुर्बिणीतून वाचतो आणि अख्खं शहर वाचवतो. आपल्याच खात्यातला कोणी पडद्यावर गेल्यासारखा ह्याचा ऊर भरून आला होता. किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. शेवटी तो हेर पुलावरून नदीत पडतो आणि पाण्यावर नुसती टोपी तरंगत राहते.

"मरतोय डोंबलाचा!" हा छातीठोकपणे सांगायचा. "दुसरा भाग येऊ द्या, मग बघा."

दुसरा भाग यायला काही वर्षं गेली, आणि आला तो नेमका वाईट दिवसांत.

मेहुण्याचा हात मागाच्या दातेरी चक्रात गेला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ह्यानेच त्याला कामाला लावलेला, शेजारच्याच मागावर. खात्यात प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असते. जिवावर बेतलं की ती वाजवायची, आणि ऐकेल त्याने धावत जाऊन दांडा ओढून माग बंद करायचा. मेहुणा म्हणत होता, दम संपेस्तोवर वाजवली. हेर म्हणत होता, वाजलीच नाही. तेव्हा तो पाठ करून तुटलेला धागा जोडत होता. वळून पाहिलं तेव्हा हाताची चार बोटं गेलेली होती. त्या वेळी जवळपास दुसरं कोणीच नव्हतं.

शिट्टी वाजली नाही असं ठरलं, तर चूक मेहुण्याची. डुलकी लागली म्हणायचं आणि भरपाई न देता रिकाम्या हाताने घरी पाठवायचं. चौकशी सोमवारी होती आणि साक्षीदार एकटा हेर.

"तो आईची शपथ घेऊन सांगतोय, वाजवली म्हणून," बायको जेवण वाढता वाढता त्याच्या समोर येऊन म्हणाली.

"तुझा भाऊ आहे म्हणून मी खोटं बोलू? पाच हातांवर होतो मी. टाचणी पडली तरी मला कळतं."

रविवारी बायकोनेच दोन तिकिटं आणली. "चला, तुमचा हेर आलाय."

ह्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

अंधार झाला, पडदा उजळला. खुर्ची थरथरली, छातीत धडाम धडाम झालं. मग माणसं बोलू लागली आणि ह्याला काहीच कळेना. तोंडं हलत होती, पण चघळल्यासारखी. एकही शब्द ओठांवर बसत नव्हता. थोडा वेळ कळ काढली, मग राहवेना.

"अरे, बोलणं लावा की! नुसता धडामधुडूम काय ऐकवताय?"

पुढच्या रांगेतली डोकी वळली. पडद्याच्या उजेडात एका पोराचे ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. "काका, कान घरी विसरलात का?"

बायकोने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला. "बोलतायत सगळे. सुरुवातीपासून."

"मग तोंडं अशी काय?"

"ह्या खेपेला सिनेमा परक्यांनी काढलाय. तोंडं त्यांची, बोली आपली. मागून चिकटवलीय."

तो पुढे बघत बसला. त्याच्या हेराजवळ आता दुर्बीण नव्हती. कानात कसलं तरी यंत्र घातलेलं, ते सगळं सांगत असावं, कारण हा गडी कोणाच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हता. नदीतून वर कसा आला त्याचा पत्ता नाही. सरळ दारातून आत शिरला. की त्याचाही खुलासा झाला होता आणि ह्याला तेवढा कळला नव्हता?

बाहेर पायऱ्यांवर लोक नाकं मुरडत होते. पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं कोणी म्हणालं. हेराने ते वाचलं. वाचलं, ऐकलं नाही. एवढी वर्षं दोन्ही एकच धरून चालला होता. खात्यात सगळे तोंड दाखवूनच बोलत. घरी बायकोही त्याच खात्यातून आलेली, समोर आल्याशिवाय तोंड उघडत नसे. कमी कुठे जाणवणार?

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगत होते की. रोज, तुमच्या पाठीमागून." तिने त्याची बाही धरली. "समोरून सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला? आणि बहिऱ्या माणसाला मागावर ठेवतं कोण? म्हणून गप्प राहिले. आता माझ्या भावाच्या पोटावर आलंय."

सोमवारी वरच्या मजल्यावर, त्याच काचेच्या केबिनमध्ये साहेब टेबलामागे बसले होते. मेहुणा भिंतीला टेकून उभा, हाताला पट्ट्यांचं पांढरं बोचकं. त्याने दाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेब कागदावर नजर ठेवून, हनुवटीखालचा हात तोंडावर आणून काहीतरी विचारत होते.

"साहेब, तोंडावरचा हात काढा," हेर म्हणाला. "त्याशिवाय मला ऐकू येत नाही."

साहेबांनी हात काढला. "म्हणजे?"

"म्हणजे शिट्टी वाजली नाही हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

साहेब हसले. "मेहुण्यासाठी नाटक चाललंय! अहो, तुम्ही इथलं बोलणं पार खाली खात्यात उभं राहून ओळखता."

हेर मेहुण्याकडे वळला. "शिट्टी आहे ना गळ्यात? मी पाठ करतो. त्या दिवशी वाजवलीस तशी वाजव."

"दाजी, नोकरी जाईल तुमची." महिनाभराने तो पहिल्यांदा तोंड दाखवून बोलला होता.

"वाजव म्हणतो ना!"

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खाली आवारात माणसं कापडाचे गठ्ठे गाडीत चढवत होती. तो वाट बघू लागला. काचेवर एक माशी चालत होती. पोरगा भिडेपोटी वाजवत नसेल, असं वाटून तो चिडून म्हणाला, "अरे, वाजव की!"

तेवढ्यात खाली एकाने गठ्ठा टाकून मान वर केली. मग दुसऱ्याने. मग आवारातली सगळीच माणसं थांबून त्या खिडकीकडे बघू लागली आणि दोघेजण जिन्याकडे धावत सुटले.