रुचिराच्या वहीतली गाय

मी एक जुना गिनीपिग आहे. वय सहा, म्हणजे आमच्यात पेन्शनीला आलेला. नाव गणू. मुक्काम कामोठे, तिसरा मजला, गॅलरीतला पिंजरा.

मित्रांनो, हे आत्मवृत्त मी हौसेने सांगत नाही. एका गाईमुळे सांगावं लागतंय. ती गाय मी पाहिलेली नाही, आणि आमच्या रुचिराने रस्त्यात पाहिली असेल तेवढीच. तरी रुचिराच्या चौथीच्या वहीत, 'माझा आवडता प्राणी' या निबंधात, तीच ठाण मांडून बसली होती. क्लासच्या पद्मजा टीचरनी निबंध सांगितला आणि मुलांनी उतरवून घेतला. बावीस मुलं, बावीस गाई, सगळ्या पांढऱ्या.

शनिवारी दुपारी रुचिरा माझा पिंजरा झाडता झाडता पाठ करत होती. "गाय हा अत्यंत उपयुक्त प्राणी आहे. तिला दोन शिंगे व एक लांब शेपूट असते." हात माझ्या पाठीवर आणि तोंडात गाय!

अहो, आम्ही काय कमी घराण्यातले? माझे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी आम्हाला हौसेने पाळलं आणि तितक्याच हौसेने खाल्लं. घराण्याचा हा भाग मी सहसा सांगत नाही. पुढे जहाजातून आम्ही युरोपात गेलो. तिथून पनवेलच्या वहाबचाचांच्या दुकानात कसे पोचलो, हे चाचांनाही ठाऊक नाही. दोन हजार सहा साली रुचिराच्या बाबांनी त्यांना विचारलं होतं, "हा उंदीर आहे का हो?"

"उंदीर काय, साहेब! गिनीपिग आहे."

"म्हणजे डुक्कर?"

"तौबा! डुक्कर पण नाय, गिनीचा पण नाय. आणि पोरीने उचललाय, आता तुमचाच."

माझ्या पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. मी जन्मलो तोच डोळे उघडे ठेवून, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊन. दात वीस, आणि ते जन्मभर वाढतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावं लागतं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. हे निबंधात नव्हतं.

मला शेपूट नाही. मान्य.

"रुचिरा, आधी जेवून घे!" आतून वसुंधराताईंची हाक आली. रुचिरा आईच्या हाकेसरशी उठली. पिंजऱ्याचं दार उघडं, वही जमिनीवर. मी शिंगांपासून सुरुवात केली. मग दूध, दही, तूप. शेपटीपाशी जरा थांबलो. मग तीही खाल्ली.

रुचिरा रडली. वसुंधराताई कडाडल्या, "उद्याच्या उद्या देऊन टाका ह्याला त्या वहाबचाचांना! सहा वर्षं पोसतोय. उपयोग काय ह्याचा?"

मी गवतात तोंड खुपसलं. या प्रश्नाला गाईकडे उत्तर होतं, आणि ते मी नुकतंच खाल्लं होतं.

संध्याकाळी रुचिरा क्लासहून आली ती थेट गॅलरीत. "आई, मी सांगितलं, गणूने गाय खाल्ली. सगळे हसले. टीचर म्हणाल्या, मग त्या गणूवरच लिही. आणि मी सांगणार नाही, तुझं तू लिही."

पिंजऱ्याला टेकून तिने लिहिलं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"गणू हा गिनीपिग आहे. तो दूध देत नाही. त्याला शेपूट नाही. तो उपयुक्त प्राणी नाही. पण मी जिना चढत असले की आईच्या आधी त्याला कळतं आणि तो शिट्टी मारतो. त्याला कुणाला देऊ नये."

वसुंधराताई स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने पिंजऱ्यात पेरूची फोड आली. दुसऱ्या दिवशी मला कुणी पनवेलला नेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

टीचरनी त्या निबंधाला दहापैकी सहा गुण दिले. गाईला आठ मिळतात. खोटं कशाला बोलू, अजून लागतं मनाला.

तर मित्रांनो, घरात जो आहे त्याच्यावर लिहीत जा. आणि वही जमिनीवर ठेवू नका. माझे दात अजून वाढताहेत.