गिरिजाच्या पट्टीतली तार

"तुम्ही कुठल्या प्रकारचं संगीत वाजवता?" लंडनमधल्या ईलिंगच्या वाद्यांच्या दुकानातल्या मुलीनं इंग्रजीत विचारलं. प्रश्न साधा होता, पण उल्हासकडे साधं उत्तर नव्हतं. काहीच वाजवत नाही, असं त्यानं सांगून टाकलं. जन्मात त्याच्या टाळ्यासुद्धा कधी ठेक्यात पडल्या नव्हत्या. खांद्यावरच्या पिशवीत एक जुनी बेस गिटार होती. हीथ्रोच्या कार्गो शेडमधल्या एका सहकाऱ्यानं घर बदलताना ती त्याच्या गळ्यात मारली होती. तिच्या चार जाड तारा गंजल्या होत्या आणि त्याला नव्या हव्या होत्या.

"ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत पोचतील अशा," तो म्हणाला.

मुलगी हसली नाही. एवढ्याचसाठी उल्हासला तिच्याविषयी पुढं कितीतरी दिवस आदर वाटत राहिला.

ऐकू न येणारी म्हणजे गिरिजा, त्याची बायको. हाउन्सलोच्या आंबेडकरी मंडळींत गिरिजाला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमातलं पहिलं भीमगीत तिचंच, तेही काळी चारच्या पट्टीत, माइकपासून हातभर लांब उभं राहून. नागपूरहून येताना बाईनं सामान कमी आणि आवाज जास्त आणला, असं लोक चेष्टेनं म्हणत. मग कान जायला लागले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग पेटी. हॉस्पिटलनं दिलेली मशीन कानात घातली की माणसांचं बोलणं कळे, पण पेटी पत्र्यावर खिळे सांडल्यासारखी वाजे. मागच्या जयंतीला ती गाता गाता सुरावरून घसरली आणि तिचं तिला कळलं नाही. पेटीवाला इंद्रजित मुकाट्यानं तिची पट्टी शोधत राहिला. गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या जरा जास्तच वाजवल्या, आणि गिरिजा काही दुधखुळी नव्हती.

त्या दिवसापासून ती गायली नाही, अगदी भांडी घासतानाही नाही. घर मुकं झालं. उल्हास दिवसभर फोर्कलिफ्टच्या आवाजात काम करणारा माणूस, त्याला खरं तर शांतता आवडायला हवी होती. त्याला ती सोसवेना. जयंतीला कुणी गावं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिनं पुन्हा घरात गावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग एका दुपारी दोघं जेवत असताना घरावरून विमान गेलं. हीथ्रोला लागून असलेल्या हाउन्सलोत विमानासाठी कुणी मान वर करत नाही. गिरिजानं केली. तिची मशीन फ्रिजवर पडली होती.

"मोठं होतं," ती म्हणाली.

उल्हासचा घास हातातच राहिला. जेवण आटोपल्यावर त्यानं बाहेर जाऊन लीड्सला फोन लावला. त्यांची मुलगी दीक्षा तिथं हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिनं आईचे रिपोर्ट पाहिले होते.

"बाबा, आईची वरचा हिअरिंग गेला आहे, पण खालचा अजून बरंच आहे," इंग्लंडमध्ये वाढलेली दीक्षा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "लो साउंड्स तिला येतो. बॉडीमध्ये पण येतो. तुम्ही का विचारता?"

असंच, म्हणून त्यानं फोन ठेवला.

हे सगळं त्यानं दुकानातल्या मुलीला आपल्या कार्गो शेडच्या इंग्रजीत सांगितलं. तिनं भिंतीवरून दोन गिटार काढल्या. एकीच्या तारा खडबडीत होत्या, बोट फिरवलं की किरकिरणाऱ्या. त्यांचा आवाज लखलखीत. नवशिके बहुतेक याच घेतात, असं ती म्हणाली. दुसरीच्या तारा गुळगुळीत आणि आवाज घुमा, बोजड. उल्हासला तिनं कानांत बोटं घालून गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवायला सांगितलं. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. पन्नाशी उलटलेला माणूस गिटारवर हनुवटी ठेवून वाकलेला पाहून त्यांना काय वाटलं असेल ते असो. पहिल्या गिटारचा बराचसा आवाज बोटांनी अडवला. दुसरीचा जबड्यातून चढून थेट छातीत उतरला.

उल्हासनं गुळगुळीत तारा घेतल्या, आणि त्यातल्याही सगळ्यात जाड. जितकी जाड तितकी जास्त पोचणार, असं त्याचं गणित. त्या मुलीला विचारलं असतं तर ते चूक आहे असं तिनं सांगितलं असतं, पण विचारेल तर तो उल्हास कसला.

घरी येऊन त्यानं तारा चढवल्या, फोनवर गिरिजाच्या काळी चारचा सूर वाजवला आणि सगळ्यात जाड तार पिळत पिळत तिथवर न्यायला लागला. मंडळात तबला गाणाऱ्याच्या पट्टीत लावतात, हे तो आयुष्यभर पाहत आला होता. बेसच्या तारांचे सूर आधीच ठरलेले असतात, गाणारा कुणीही असो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तार चढेना तसा त्यानं जोर लावला. गिटारची मान वाकली आणि तार तुटून त्याच्या मनगटावर सपकन बसली.

गिरिजाला यातलं काही ऐकू गेलं नाही. ती चहा घेऊन आली तेव्हा तो मनगट दाबून बसला होता.

"काय करून राहिले तुम्ही?" तिनं कप खाली ठेवला. तिनं त्याच्या मनगटाला पट्टी बांधली. मग गिटारकडे बघून म्हणाली, "माझ्यासाठी आहे ना हे?"

त्यानं मान हलवली.

"मला नाही गायचं आता. लोकांना माझी कीव येते. ते नाही सहन होत मला."

तिच्याशी वाद घालायचा तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं, आणि ही गोष्ट मोठ्यानं बोलायची नव्हती. उल्हास चहा प्यायला. त्याला रडू येत होतं आणि ते मनगटामुळे नव्हतं.

तो पुन्हा दुकानात गेला. तारा ठरलेल्या सुरांतच लावायच्या आणि गाणाऱ्यानं त्यांच्याबरोबर गायचं, असं मुलीनं समजावलं. उल्हासला ते अजिबात पटलं नाही.

"आमच्याकडे वाद्य माणसाकडे जातं," तो म्हणाला. "माणूस वाद्याकडे जात नाही."

मुलीनं त्याच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं. मग, एवढं वर चढवायचं तर तार बारीक पाहिजे, असं म्हणून तिनं एक बारीक गुळगुळीत तार शोधून दिली आणि गिटारची मानही सरळ करून दिली.

रविवारी त्यानं बैठकीतला गालिचा गुंडाळला आणि गिटार जोडलेला स्पीकरचा खोका जमिनीच्या उघड्या फळ्यांवर ठेवला. गायचं नाही, फक्त बस, असं म्हणून गिरिजाला शेजारी बसवलं आणि तिचा तळहात खोक्यावर ठेवला. त्याला एकच गोष्ट येत होती: अंगठ्यानं ती एक तार छेडायची, थांबायचं आणि पुन्हा छेडायची. तो तेच करत राहिला.

"येतोय," ती अखेर म्हणाली. "हातात येतोय."

तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज जाडसर झाला होता, पण तिचाच होता. पहिली ओळ तारेवर बरोबर बसली आणि उल्हासचे डोळे भरून आले. दुसऱ्या ओळीला ती खाली उतरली. तार जिथल्या तिथं होती. तिचा सूर एक आणि हाताखालचा दुसरा, हे तिला जाणवलं असावं. तिच्या कपाळाला आठी पडली आणि तळहात खोक्यावरून उचलला गेला.

उल्हासनं डावा हात खुंटीकडे नेला आणि तार सैल केली, तिच्या सुराला मिळेपर्यंत. त्याच्या कानाला एवढं कळत होतं. हात पुन्हा खोक्यावर टेकला. ती आणखी उतरली, त्यानं तार आणखी उतरवली. काळी चार केव्हाच मागं पडली होती. बारीक तार आता इतकी ढिली झाली होती की छेडली की लाकडावर आपटत होती.

कडवं संपताना गिरिजानं डोळे उघडले. तिला त्याचा खुंटीवरचा हात दिसला. तबला लावणारी माणसं तिनं उभ्या जन्मात कमी पाहिली नव्हती, तिला काय चाललंय ते कळलं. उल्हासचा अंगठा क्षणभर थांबला.

गिरिजानं हात काढला नाही. त्याच्याकडे बघत तिनं पुढचं कडवं उचललं, आणि उल्हासनं खुंटी आणखी थोडी सैल सोडली.