टेबलाखालचा पडदा

जहीर टेलर नऊ वर्षं सौदीत, दम्मामला होता. शेवटी शेवटी त्याचा निम्मा दिवस मशीनवर आणि निम्मा टेबलाखाली जायचा. तिथल्या सरकारला एकाएकी साक्षात्कार झाला होता, की देश आपला तर कामंही आपल्याच माणसांची. दर दुकानात ठरावीक सौदी नोकर हवेतच, नाहीतर परदेशी कारागिरांचे परवाने बंद. जहीरच्या मालकाने मग फहद नावाचा देखणा पोरगा आणून खुर्चीत बसवला. फहदला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. कागदावर तो टेलर, शिवणारा जहीर. तपासणीवाले आले की जहीर कटिंगच्या टेबलाखाली, जमिनीपर्यंत सोडलेल्या पडद्याआड. पुढे तेही खपेना, तेव्हा त्याची रवानगी आपल्या गावी, पातूरला झाली.

पातूरच्या बाजारात त्याने दुकान थाटलं. टेबल अगदी दम्मामसारखं केलं, पडद्यासकट. "ये परदा काहेको?" बायकोने, शहाजादीने विचारलं. "धूल लगती कपडे को," म्हणून त्याने वेळ मारून नेली.

दुकान चालायचं ते बरेलीहून आणलेल्या जुबेरच्या जरीकामावर. पातुरात ते कोणाला येत नव्हतं. जुबेर गेला की आपल्या दुकानाला टाळं, हे जहीर पुरतं ओळखून होता.

त्या वर्षी सोयाबीन शेंगेतच वाळलं. रिकामी झालेली पोरं राग कोणावर काढणार? आभाळाला निवेदन देता येत नाही. चंद्रभान पाटलाच्या शिवमने 'आधी आपला माणूस' नावाची संघटना काढली आणि बाहेरचे कारागीर हाकलायचा फतवा काढला. ही अक्कल त्याला जहीरकडूनच मिळाली होती. शेरवानीचं माप देताना त्याने दम्मामच्या गोष्टी कान टवकारून ऐकल्या होत्या. "सौदीवाले करतेत, तं आपण काहून नाई?" असं तो आता चौकात विचारत फिरे.

एका दुपारी शिवम पाच-सहा पोरं घेऊन दुकानात घुसला. "तपासणी हाय!"

एवढं ऐकलं मात्र, जहीर टेबलाखाली! डोकं चालायच्या आधी गुडघे चालले. जुबेर बिचारा सुई हातात धरून उघडा पडला.

शिवमने पडदा वर केला. "चाचा, तुमी काहून लपले? तुमी तं इथलेच!"

पोरं खो खो हसली. जहीर तिथेच उकिडवा बसून राहिला. त्याला भयंकर लाज वाटली. आपल्या गावात, आपल्याच दुकानात, आपल्याच हाताने शिवलेल्या पडद्यामागे!

धूळ झटकत तो बाहेर आला. "आता याले हाकलतो आमी," जुबेरकडे बोट करत शिवम म्हणाला.

"हाकल ना. पण ते कारचोबावर काय ताणलंय, ते पाहून घे."

लाकडी चौकटीवर शिवमचीच शेरवानी होती. लग्न तोंडावर आलेलं आणि छातीवरचा मोर अजून बिनशेपटीचा.

"तुया पोरांतून एक काढ," जहीर म्हणाला, "अन् लाव शेपूट."

पोरं दाराकडे सरकली. शिवमचा चेहरा उतरला. "मग गावाले काय सांगू, चाचा?"

"सौदीत इलाज असते याचा. एक इथला खुर्चीत बसवा लागते. बस तू. फोटो काढ. झाला आपला माणूस कामाले."

शिवम खुशाल बसला, छाती काढून. एका पोराने मोबाईल वर केला. तो पाहताच जुबेर कोणी न सांगता उठला आणि मुकाट्याने टेबलाखाली शिरू लागला.

जहीरने त्याचा दंड धरला.  दम्मामला त्याचा स्वतःचा दंड असा कोणी धरला नव्हता.

"नीचे नहीं, बेटा," तो म्हणाला आणि दुसऱ्या हाताने पडदा टराटरा ओढून काढला.

"चाचा, फोटोत हा येऊन राहिला ना!" शिवम खुर्चीतून ओरडला.

"येऊ दे," जहीर म्हणाला. "तुया लग्नात बी याचाच मोर नाचणार हाय."